कार्ड आहे, गोळ्या नाहीत

सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. आमची आत्या मांडवात उभी, हातात आयुष्मानचं कार्ड, शेजारी दात काढून हसणारा एक भावी झेडपी सदस्य. खाली ओळ, 'आता उपचाराची चिंता मिटली.' डोकंच फिरलं माझं.

आत्याला बीपी आणि शुगर दोन्ही. मागे तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात गेले होते. औषधांच्या खिडकीतल्या बाईंनी मानही वर न करता सांगितलं, "बीपीच्या संपल्यात, शुगरच्या पुढच्या आठवड्यात बघा." आणि हातात चिठ्ठी. आता हे कार्ड बाहेरच्या मेडिकलमध्ये चालत नाही. ते चालतं अ‍ॅडमिट झाल्यावर. म्हणजे गोळ्यांवाचून आत्याला अर्धांगवायूचा झटका आला, की सरकार ५ लाख घेऊन हजर!

आणि बोलायचं तरी कुणाला? २०१२ ला आघाडी सरकारने राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना आणली, दीड लाखाच्या उपचारांची. २०१७ ला युतीच्या काळात तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, पुढे केंद्राची आयुष्मान तिलाच जोडली गेली. महायुतीने ५ लाख केले. २०२४ च्या विधानसभेला महाविकास आघाडी म्हणाली, आम्ही २५ लाखांचा विमा देऊ. लिलाव चाललाय का हा? डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर कुणी सभा गाजवल्याचं आठवतंय तुम्हाला?

बरं, शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी याच योजनेत झाली, एक रुपया लागला नाही. मान्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर फुकट झाला, तेही मान्य. पण त्या फुकटच्या केसपेपरसोबत आत्याच्या हातात आलं काय? बाहेरची चिठ्ठीच ना?

केंद्राच्या २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलंय, राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्चावा. आपला पुरोगामी, श्रीमंत महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. त्या २०२३ मध्येच नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा सत्ताधारी खासदाराने काय केलं, तर डीनना संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. विरोधक चार दिवस ओरडले. झालं.

खिडकीतल्या त्या बाईंवर मात्र आता राग नाही. कंत्राटी नोकरी, एकटीने रजिस्टर पण लिहायचं आणि शिव्या पण खायच्या. आत्या दमलेली दिसली तेव्हा त्यांनीच उठून तिला आपली खुर्ची दिली होती. वरून औषधंच आली नाहीत तर त्या कुठून देणार?

प्राथमिक आरोग्य केंद्रं झेडपीकडे असतात हो! म्हणून ग्रुपवर विचारलं, या भाऊंनी केंद्रातलं स्टॉक रजिस्टर कधी उघडलंय का? चुलतभावाचं लगेच उत्तर, "ताई, ग्रुपवर राजकारण नको." मांडवातला फोटो चालतो, प्रश्न चालत नाही.

कुठल्याही पक्षाने जाहीरनाम्यात एवढंच छापावं : तालुक्यात डॉक्टर-नर्सच्या एवढ्या जागा रिकाम्या आहेत, अमुक महिन्यापर्यंत भरतो. माझं मत त्याला, झेंडा कुठलाही असो. आणि खाली 'मग तुम्हीच उभ्या राहा' असं लिहिणाऱ्यांनो, आधी तुमच्या गावच्या केंद्रात कुत्रा चावल्यावरची लस आहे का ते विचारून या. मग बोलू.