येझ्दी, कागद आणि पहिल्या मजल्यावरचे काका

जुनी गाडी असली की लोक दोनच गोष्टी विचारतात: "किती देते?" आणि "विकायची का?" माझ्या येझ्दी मोटरसायकलच्या बाबतीत तिसरा प्रश्न असतो, "हे खाली काय सांडलंय?"

सांडलेलं असतं गिअर ऑइल. येझ्दीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. हे वेगळं, क्लच आणि गिअरबॉक्सचं. डाव्या कव्हरचं कागदी पॅकिंग कुजलं की हे तेल पाझरतं. कागद चार पैशांचा. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी तेल काढा, मग किक उतरवा. आणि या गाडीत किक उतरवली की गिअरही उतरतो, कारण दोन्ही एकाच दांडीवर. ही हिकमत मूळच्या झेक जावाची. दांडी आत दाबून मागे फिरवली की किक, पुन्हा पुढे आणली की गिअर. नवखा चोर इथेच घामाघूम होत असणार.

येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. म्हणून रविवारी पुण्याचा जुना बाजार गाठला. तिथे "एकदम ओरिजिनल" म्हणून हातात पडलेलं पॅकिंग घरी येऊन लावून पाहिलं, तर ते कुठल्याशा भलत्याच गाडीचं.

मग जाड कागद आणून स्वतःच कापायला बसलो. त्याआधी जुना कागद खरवडणं आलं. इतकी वर्षं तेल खुशाल बाहेर सोडणारा हा कागद, काढायला गेलं की ॲल्युमिनियमला जीव खाऊन धरून बसतो! कापण्याचं काम मात्र देखणं. कागद कव्हरवर धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. कव्हरची धारच कागद कापते. स्क्रूच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक टोला दिला की टिकलीएवढा तुकडा सुटून पडतो. मी दिवसभर टिकल्या पाडत बसू शकेन.

पण पार्किंगमध्ये इंजिन उघडलं की आपण एकटे नसतो. पार्सल घेऊन आलेला मुलगा "दादा, स्प्लेंडर घ्या ना सरळ" म्हणून गेला. वरून बायकोने विचारलं, "अहो, उलथनं दिसत नाहीये, तुम्ही घेतलंय का?" मी हातातलं उलथनं टाकीमागे सरकवलं. आणि पहिल्या मजल्यावरचे काका खुर्चीच घेऊन आले.

"अरे, कागदाला शेलॅकची चिकट लाख लाव."

"काका, ग्रीसचा हात पुरतो याला."

"आम्ही शेलॅकच लावायचो. आणि स्क्रू एका बाजूने नको पिळूस. समोरासमोरचे घे."

मी समोरासमोरचेच घेत होतो. तेवढ्यात मला पुढचा स्क्रू दिसेना, कारण तो काकांनी निरखायला उचलला होता.

संध्याकाळी कव्हर बसलं, तेल भरलं, थेंबही गळला नाही. काका उठले, "सरक, बघू दे," म्हणत सीटवर बसले, दांडी सफाईने मागे घेतली आणि पहिल्याच किकला निळा धूर काढत गेटबाहेर पडले. जाता जाता ओरडले, "चौकातून दूध आणतो!"

पेट्रोलचा कॉक बंद होता. कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर गाडी चौकापर्यंत जाते. हे मी त्यांना सांगणार होतो, पण त्यांनी दिवसभरात मला बोलायला वाव दिला नव्हता.