दोन हेड, दीड शहाणा

व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर इंग्रजी व्हीसारख्या दोन रांगांत असतात, म्हणून ते उघडलं की एकाच्या जागी दोन हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, पदरात पडतात. माझी दोन्ही बिडाची, वीस किलोंच्या वरची आणि इतकी गंजलेली, की उचलल्यावर खाली जमिनीवर त्यांचा लाल ठसा उरायचा. बायको म्हणाली, मशीन शॉपला देऊन टाक. मी म्हणालो, गंज तर काढायचा आहे, त्याला कारखाना कशाला? या वाक्यानंतर घरातला मोठा प्लास्टिकचा टब पुन्हा कुणाला दिसला नाही.

ठरलं असं, की एक हेड घरी करायचं, जमलं की दुसरं. आधी व्हॉल्व, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, काढायचे. स्प्रिंग दाबली की तिला व्हॉल्वशी अडकवणारे दोन इवलेसे कॉटर सुटतात. आठ व्हॉल्वचे सोळा. त्यातले पंधरा मला हातात मिळाले. सोळावा कानाजवळून गेला हे नक्की, पुढचा प्रवास अज्ञात. प्रत्येक व्हॉल्व आपापल्या सीटवरच, म्हणजे तो टेकतो त्या कडेवरच, परत जायला हवा, म्हणून खोक्याला आठ भोकं पाडून नंबर टाकले. स्वतःच्या शिस्तीचं इतकं कौतुक वाटलं, की मी खोक्याचा फोटो काढला. नंतर ते खोकं माझ्याच पायाने उलटलं, तेव्हा तो फोटो कामाला आला. अर्थात फोटोत खोकं कमी आणि मीच जास्त होतो.

मग टब, विजेने गंज काढायला. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं उणे टोक हेडला, अधिक टोक भंगार पत्र्याला. उलटं जोडलं तर पत्रा साफ होतो आणि हेड खायला लागतं, म्हणून मी अकरा वेळा तपासलं. अधिक टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नसतं, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. एवढं वाचलेलं असल्यामुळे स्वयंपाकघरातली पातेली बचावली. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तर सोड्याने तेच खाल्लं असतं. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून टब अंगणात. रात्रभर खदखदत होता. मी दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. तापलेल्या पोराची उशाशी बसून काळजी घ्यावी, तसा.

सकाळी गंजाचा काळा चिखल झाला होता. ब्रश मारला, धुतलं आणि खाली करडं, स्वच्छ, अगदी नवं बीड! टॉवेल आणायला आत गेलो. बाहेर आलो तर हेड नारिंगी. ओल्या, उघड्या बिडाला पुन्हा गंज धरायला टॉवेल शोधण्याएवढा वेळ पुरतो. आधी तेल हाताशी ठेवायचं, मग धुवायचं, हे मला तिसऱ्या धुण्याला कळलं.

इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण हेड आणि इंजिनमधली फट बंद करणारी गॅस्केट बसते, त्या फेसवर म्हणजे सपाट बाजूवर जुन्या गॅस्केटचे डाग दिसत होते. माझ्याकडे ड्रिल होतं, ड्रिलला लावायची पॉलिशची चकती होती आणि त्या दिवशी आत्मविश्वासही मुबलक होता. अर्ध्या तासात फेस आरशासारखा. मी त्यात भांग पाडला.

शेवटी व्हॉल्व लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व सीटवर घासून नीट बसवणं. सीटवर ग्राइंडिंग पेस्ट, व्हॉल्वच्या डोक्याला रबरी कप लावलेली काठी, आणि ती दोन्ही तळव्यांत धरून घुसळायची. अरणीतून अग्नी काढणाऱ्या ऋषीसारखा मी दोन संध्याकाळी बसलो होतो. ऋषींना निदान अग्नी तरी मिळायचा. सीटवर करडी अखंड रेघ उमटायला हवी. माझी तुटक होती, म्हणून मी आणखी घासलं.

आणि तो सोळावा कॉटर सापडेना. तोच शोधत मशीन शॉपला गेलो. जातोच आहे तर दाखवू, म्हणून दोन्ही हेडं नेली. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायचं होतं.

तिथल्या मिस्त्रींनी चमकणाऱ्या हेडकडे पाहिलंच नाही. फेसवर सरळपट्टी आडवी ठेवली आणि फट मोजायच्या फिलर गेजची पाती खाली सारली. ०.०५ मिलिमीटरची गेली. ०.१० ची गेली. ०.१५ ची जाताना जरा अडली, तेवढाच माझा मान राहिला.

"इथे चकती मारली का?"

"हलकीच."

"चकती डागाबरोबर बीड पण नेते, साहेब. खड्डे पडतात. आणि तिची पूड तेलाच्या वाटेने बेअरिंगला जाते."

मग व्हॉल्व थोडा उचलून हलवला. तो गाईडमध्ये, म्हणजे त्याची दांडी सरकते त्या नळीत, घंटेच्या लोळीसारखा हलला. गाईड ढिलं असताना लॅपिंग म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी. आधी गाईड, मग त्याच्या मध्यावर सीट कापायची: ४५ अंशाला बसण्याची जागा, वर ३० चा, खाली ६० चा उतार. दोन संध्याकाळींची माझी तपश्चर्या कटरच्या पहिल्या फेऱ्यात गेली.

"आणि गंज तुम्ही काढला कशाला? आमच्या टाकीत तो तसाही निघतो. मग चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकतो. तडा असला तर ती तिथेच जमते."

आता दुसरं हेड. ज्याला मी आळसाने हात लावला नव्हता, ते गंजकं ध्यान. खरवडून सरळपट्टी ठेवली. ०.०५ चं पातंसुद्धा आत शिरेना.

"हे चांगलंय," मिस्त्री म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेतला. "पण याचाही फेस तेवढाच काढावा लागेल. एकीकडचं जास्त आणि दुसरीकडचं कमी कापलं, तर दोन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सारखं राहत नाही."

त्या निष्पाप हेडकडे मला बघवेना.

आठवड्याने दोन्ही हेडं घरी आली. करडी, सपाट, तेल लावलेली, जुळ्यांसारखी. कॉटरचा नवा जोडही मिस्त्रींनी न बोलता बसवला होता. फक्त एकाच्या कडेला त्यांनी खडूने लिहिलं होतं: 'घरगुती'. ते मी आधी ओल्या फडक्याने पुसलं, लगेच तेल लावलं आणि मग बायकोला हाक मारली.