जपानी ‘लॉसूट बेस’चा फॉरवर्ड आणि त्यातल्या थापा

“जुनी जपानी बेस गिटार ओळखण्याचे सहा नियम” असा एक मेसेज सध्या बँडवाल्या पोरांच्या ग्रुप्समधून फिरतोय. मला तो तिघाचौघांनी पाठवला, मी सोडून दिला, पण काल भाच्याकडून आला आणि खाली ओळ होती, “मामा, टोकन देऊन टाकू का?” तिथे डोकं सटकलं. पुण्यात कोणीतरी त्याला फेंडरच्या जॅझ बेस या मॉडेलची सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिकट रंगाची) कॉपी दाखवलीय, १९७५ ची ‘लॉसूट’, म्हणजे जिच्यावरून म्हणे कोर्टात केस झाली ती, आहे म्हणून, आणि किंमत अशी सांगितलीय की तेवढ्यात नवी बरी बेस, अँप आणि वर चांगली केबलसुद्धा येईल.

नियम थोडक्यात असे. एक, सत्तरच्या दशकातल्या जपानी कॉप्यांवर फेंडर आणि गिब्सन या अमेरिकन गिटार कंपन्यांनी केस केली, कोर्टाने बंदी आणली, माल नष्ट करायला लावला, म्हणून उरलेल्या दुर्मिळ. दोन, सगळ्या फुजीजेनच्या एकाच कारखान्यात बनल्या, नाव कुठलंही असो क्वालिटी तीच. तीन, सीरियल नंबरवरून साल कळतं, आणि ‘मेड इन जपान’ लिहिलेलं नसेल तर तो प्रोटोटाइप. चार, नेक, म्हणजे गिटारची मान, कधीही उघडू नका, उघडला की व्हॅल्यू गेली. पाच, जड असेल तर अस्सल लाकूड. सहा, त्या काळातली कुठलीही जपानी बेस अमेरिकन फेंडरपेक्षा भारीच.

पहिल्यापासून घेतो, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

केस झाली होती. एक. जून १९७७ मध्ये नॉर्लिनने, म्हणजे तेव्हाच्या गिब्सनच्या मालक कंपनीने, फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्जर नावाच्या कंपनीवर दावा ठोकला. एल्जर म्हणजे आयबनेझ हा ब्रँड विकणाऱ्या जपानी होशिनोचा अमेरिकेतला वितरक. भांडण कशावरून? हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागाच्या, वरच्या कडेवरून. गिब्सनच्या हेडस्टॉकची ती उघड्या पुस्तकासारखी कड असते ना, ती. बॉडी नाही, पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) नाही, लाकूड नाही, नुसती हेडस्टॉकची कड. आणि गंमत अशी की केस दाखल झाली तोपर्यंत आयबनेझने आपला हेडस्टॉक बदललाही होता. १९७८ च्या सुरुवातीला दोघांनी कोर्टाबाहेर मिटवलं. निकालच लागला नाही तर बंदी कुठून येणार, आणि माल नष्ट केला म्हणजे कोणी केला, कुठे केला, ते फॉरवर्डवाल्यालाच माहीत.

आता यात फेंडर कुठे आलं? कुठेच नाही. त्या केसशी फेंडरचा काडीचा संबंध नाही. म्हणजे जॅझ बेसची कॉपी, जिचा हेडस्टॉक फेंडरसारखा, बॉडी फेंडरसारखी, ती गिब्सनच्या केसमुळे ‘लॉसूट’ कशी काय झाली? बादरायण संबंधालाही काही मर्यादा असते. उलट फेंडरची गोष्ट ऐका: त्यांनी स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस या तिन्हींच्या बॉडीचे आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवून मागितले, स्टुअर्ट स्पेक्टर वगैरे गिटार बनवणाऱ्यांनी विरोध केला, आणि २००९ साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क बोर्डाने फेंडरलाच नाही म्हटलं, कारण हे आकार इतकी वर्षं इतके लोक बनवतायत की ते बघून कोणाला एकाच कंपनीचं नाव आठवतं असं राहिलेलंच नाही. म्हणजे चार दशकं जगभर कॉप्या झाल्या, आणि शेवटी आकार हातातून गेला तो फेंडरच्या. (आपल्याकडे तर गिवसन नावाची गिटार पोरं वर्षानुवर्षं वाजवतायत, तिथे हेडस्टॉकपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही.)

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत वकिलाची भीती खरी आहे. तिच्या ४००१ या बेसच्या जपानी कॉप्या सत्तरच्या दशकात भरपूर निघाल्या आणि ती कंपनी आजही अशा कॉप्यांच्या ऑनलाइन जाहिराती उतरवायला लावते. पण ‘लॉसूट’ हा शब्द लावून विकल्या जातात त्यातल्या किती रिकनबॅकरच्या कॉप्या असतात? हा शब्द आज फक्त एकाच कामाचा उरलाय, किंमत वाढवायच्या.

दुसरा नियम पटकन उरकतो. फुजीजेन गाक्की हा मात्सुमोतोचा मोठा कारखाना, १९६० पासूनचा, आयबनेझ आणि ग्रेको तिथे बनल्या, नंतर फेंडरने जपानमध्ये काढलेल्या फेंडर जपानच्याही, हे बरोबर. पण त्याच मात्सुमोतोत मात्सुमोकू होती, तिने आरिया, वेस्टोन वगैरे बनवल्या आणि १९८७ ला बंद पडली. मोरिदाइराही तिकडचीच. टोकाई हामामात्सूची, यामाहाही हामामात्सूची, यांचा फुजीजेनशी काय संबंध? आणि आयबनेझचं होशिनो, ग्रेकोचं कांदा शोकाई ह्या मुळात व्यापारी पेढ्या, माल दुसऱ्याकडून बनवून घेणाऱ्या. त्यामुळे हेडस्टॉकवरचं नाव वाचून कारखाना सांगता येत नाही, आणि कारखाना कळला तरी क्वालिटी सांगता येत नाही, कारण एकाच कारखान्यातून पोरासोरांसाठी स्वस्तातलीही निघायची आणि वरच्या दर्जाचीही.

तिसरा, सीरियल नंबर. इथे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घोळ. आयबनेझने १९७५ च्या सुमारास जी पद्धत सुरू केली ती सरळ आहे: पहिलं इंग्रजी अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे सालाचे. बी७८ ने सुरू होणारा नंबर म्हणजे फेब्रुवारी १९७८. छान. पण त्याआधीच्या कॉप्यांवर बहुतेक वेळा नंबरच नसतो, आणि इतर ब्रँडांची पद्धत वेगळी. फेंडर जपानचं तर विचारूच नका. ई अक्षराने सुरू होणारा नंबर अमेरिकेत बनलेल्या ऐंशीच्या दशकातल्या फेंडरवर असतो, १९८४ ते ८७ च्या फेंडर जपानवर असतो आणि कोरियात बनलेल्या काही स्क्वायरवरही (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) असतो. तीन देश, एकच अक्षर. आता सांगा नुसत्या नंबरवरून साल.

‘मेड इन जपान’ नाही म्हणून प्रोटोटाइप, हे तर वाचून हसूच आलं. परदेशी माल अमेरिकेत विकायचा तर कुठल्या देशात बनला ते त्यावर लिहिणं तिकडच्या कायद्याने सक्तीचं आहे, १९३० च्या टॅरिफ अॅक्टनुसार. जपानमध्येच विकायच्या गिटारवर ते कशाला लिहितील? शिवाय निर्यातीच्या मालावर बऱ्याचदा नुसता एक स्टिकर असायचा, तो चाळीस वर्षांत निघून जाणारच. आणि उलट बाजूने, ‘स्टील रिइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान’ अशी मागची प्लेट बघून उड्या मारू नका, ती प्लेट त्या काळच्या स्वस्तातल्या गिटारींवर सर्रास असायची आणि चार स्क्रू काढून कोणीही बदलू शकतं.

आता चौथा. बाकीच्या नियमांनी फार तर पोरं चुकीची माहिती सांगत फिरतील, पण ह्या एकाने खिसा कापला जातो. नेक उघडू नका म्हणे. भाच्याने विक्रेत्याला विचारलंही होतं, नेक काढून फोटो देता का, तर उत्तर आलं “उघडला की ओरिजिनॅलिटी जाते”. व्वा. ज्या एका जागी बघून कळू शकतं की ही खरी काय आहे, तीच जागा झाकून ठेवायची, आणि त्याला नाव ओरिजिनॅलिटीचं.

अरे, साठच्या दशकातल्या फेंडरच्या पद्धतीने बनवलेल्या बेसचा ट्रसरॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) फिरवायचा नटच नेकच्या बुडाशी असतो. १९६२ च्या मॉडेलवरून फेंडर जपानने काढलेल्या बेसही तशाच. ट्रसरॉड नीट फिरवायचा तर नेक सैल करावा नाहीतर काढावाच लागतो. म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःच ठरवलंय की हा नेक आयुष्यात अनेकदा उघडला जाणार. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेल्या, नेकचा अर्थच तो. आपल्या पावसाळ्यात नेक वाकला की काय करणार मग, व्हॅल्यू जपत बसणार?

तर काय बघायचं ते सांगतो. तारा आधी पूर्ण सैल करा. मग मागचे चार स्क्रू. इथे जरा जपून, कारण जपानी स्क्रूचं डोकं बऱ्याचदा जेआयएस या जपानी मापाचं असतं, आपला घरातला फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, सटकतो आणि डोकं खाऊन टाकतो. आधीच चारातल्या दोन स्क्रूंची डोकी खाल्लेली दिसली तर समजा की ओरिजिनॅलिटीवाल्यांच्या आधी कोणीतरी येऊन गेलंय. नेक वर आला की बुडाकडे बघा: कधी शिक्का असतो, कधी पेन्सिलीने आकडा, कधी काहीच नाही, पण नव्या लाकडाचा पांढरटपणा किंवा जादा भोकं बुजवल्याच्या खुणा असतील तर त्या तिथेच दिसतात. मग पॉकेटमध्ये, म्हणजे नेक बसतो त्या खाचेत, आणि पिकगार्ड काढून पिकअपच्या खड्ड्यात टॉर्च मारा. खड्ड्याच्या भिंतीवर एकाखाली एक सरळ समांतर रेषा दिसल्या, जाड-बारीक, फिकट-गडद, तर ते प्लायवूड. आत काळा रंग मारून ठेवलेला असला तरी वायर जाते त्या भोकात रंग पोचत नाही, तिथे बघा. सत्तरच्या सुरुवातीच्या बोल्ट-ऑन कॉप्यांमध्ये प्लायवूड बॉडी अगदी नेहमीची गोष्ट होती. ती वाजत नाही असं नाही, वाजते, पण तिला कोणी ‘एज्ड अॅश’, म्हणजे मुरलेलं अॅशचं लाकूड, म्हणून विकत असेल तर त्याला पॉकेटचा फोटो का द्यायचा नाही हे आता कळलं असेल. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टक’ करून जुन्या आट्यात बसल्याचं जाणवतं, मगच आवळा. एवढंच. दहा मिनिटांचं काम, आणि विक्रेत्याला जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगा, तो करेल. नाही म्हणाला तर राम राम करा.

लोगोही जवळून बघा. साध्या जपानी कॉपीचं नाव खरवडून त्यावर फेंडरचं डिकल (नावाचं स्टिकर) चिकटवणं हा जगभरचा जुना धंदा आहे. डिकलच्या भोवती हेडस्टॉकचा रंग किंवा चकाकी वेगळी दिसते का, खाली जुन्या नावाचं भूत दिसतं का, हे तिरक्या उजेडात कळतं.

पाचवा, वजनाचा. जड म्हणजे अस्सल, मग प्लायवूडसुद्धा चांगलं जड असतं, घरातला जुना पलंग उचलून बघा. आणि कॅटलॉगात अॅश म्हटलेलं लाकूड जपानमध्ये बऱ्याचदा ‘सेन’ असायचं, दिसायला अॅशसारखं, झाड वेगळंच. वजन बघा ते खांद्यासाठी, तीन तासांचा गिग उभ्याने वाजवायचा असतो.

सहावा. हं. इथे थोडं गिळावं लागतं. १९६५ ते १९८५ फेंडर सीबीएस या टीव्ही-रेडिओवाल्या कंपनीच्या ताब्यात होतं आणि सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या मालाबद्दल तक्रारी होत्या हे खरंच आहे. जपानी कॉप्या इतक्या चांगल्या होत गेल्या की १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच कांदा शोकाई आणि यामानो गाक्कीला घेऊन फेंडर जपान काढली, आणि फुजीजेनमध्ये बनलेल्या त्या पहिल्या, जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या सीरियलच्या बेस आजही लोक शोधून घेतात, उगाच नाही घेत. पण ‘कुठलीही’ जपानी बेस? १९७२-७३ ची प्लायवूड कॉपी आणि १९८२ ची जेव्ही यांच्यात दहा वर्षं आहेत, आणि त्या दहा वर्षांतच जपानी कारखाने कॉपी करता करता शिकले. सुरुवातीच्या मालाला शेवटच्या मालाची किंमत लावायची, हा ह्या फॉरवर्डचा सगळा धंदा.

आणि मला कळत नाही, जपानीच घ्यायची तर कॉपीच कशाला? यामाहाची बीबी मालिका १९७७ पासूनची, न्यू ऑर्डर बँडचा पीटर हूक बीबी१२००एस वाजवायचा. आरिया प्रो टूची एसबी, जी डुरान डुरानच्या जॉन टेलरच्या हातात होती. आयबनेझची म्युझिशियन, स्टिंगने वाजवलेली. ह्या जपान्यांनी स्वतः काढलेल्या डिझाइन्स, कोणाच्या कॉप्या नाहीत, त्यामुळे बिचाऱ्यांना ‘लॉसूट’ म्हणता येत नाही, आणि जॅझ बेसच्या कुठल्याशा बेनामी कॉपीला मागतात त्या पैशांत त्यातली एखादी मिळूनही जाते. भाच्याला सांगितलंय, टोकन खिशात ठेव आणि बीबीच्या मागे लाग, नेक काढून दाखवणारा विक्रेता भेटला तर मला कळव, मी येतो बघायला.