दुकानं भरपूर, पण रस्ता ओलांडायचा कसा?

‘सिंहगड रस्त्यावर आता सगळं मिळतं, खरेदीला लक्ष्मी रोड गाठायला नको’ हे पुण्याच्या या रस्त्यावरील खरेदीविषयीच्या लेखातलं विधान गाडीवाल्यांपुरतं खरं आहे. माणिकबागेत राहणाऱ्या माझ्या आईला समोरचं मेडिकल घरातून दिसतं, पण एकटीने तिकडे जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंत उड्डाणपूल झाले, वाहनांची सोय झाली. खाली पायी चालणाऱ्यांचं काय?

आणि हातगाडीवरच्या भाजीवाल्यांचा लेखात उल्लेखही नाही! कामावरून परतणाऱ्या कितीतरी बायकांची रोजची भाजी तिथेच घेतली जाते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात विक्रीक्षेत्रं ठरवून देण्याची तरतूद आहे. पदपथ मोकळे हवेतच, मात्र या लोकांना याच रस्त्यालगत हक्काची जागा मिळायला हवी.