फायरप्लेससमोरच्या स्लेटच्या कामाबद्दल तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू दोनदा नीट वाचला आणि ज्या मुलांनी काम केलं त्यांनाही वाचून दाखवला, म्हणून उत्तराला दोन दिवस उशीर झाला. तुमचं म्हणणं असं की कॅम्पातल्या बंगल्यात फायरप्लेससमोरची काळीभोर स्लेट आम्ही साफ करायला तीन दिवस आणि साडेसहा हजार घेऊन फिकी करून टाकली, उजव्या कोपऱ्यात पांढुरकं राहिलं, आणि शेवटी तुम्हीच जवसाचं तेल लावलं तर तो भाग लगेच काळा झाला.

पांढुरक्या कोपऱ्याची चूक आमची आहे, ती आधीच मान्य करतो. साफ केलेल्या दगडात पाणी, तेल मुरू नये म्हणून जो पातळ सीलर लावतात, तो लावल्यावर वरचा जास्तीचा पंधरा मिनिटांच्या आत कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा असतो, तो दगडात जिरतो तेवढाच कामाचा, वर राहिलेला वाळून दुधाळ दिसतो. तिथे लाकडांची टोपली परत ठेवायच्या घाईत पुसायचं राहिलं. तो भाग आम्ही परत करून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत.

पण फिकी पडल्याचं जे आहे ना ताई, ते थोडं सविस्तर सांगावं लागेल. तुमचा दगड म्हणजे आपली शाळेतली पाटीच आहे, तीच जात, मातीच्या बारीक गाळावर जमिनीखाली दाब आणि उष्णता पडून झालेला थरांचा दगड. आठवून बघा, ओल्या बोळ्याने पाटी पुसली की कशी काळीकुट्ट दिसायची आणि वाळली की परत राखाडी व्हायची. तुमच्या स्लेटचा खरा रंग तो राखाडी आहे. इतकी वर्षं दिसत होतं ते काळं तेल होतं, जवसाचं, आणि मधल्या काळात कुणीतरी बुटाचं काळं पॉलिशसुद्धा मारलेलं होतं. पहिल्या दिवशी मी स्वतः नखाने खरवडून बघितलं तर नखात तपकिरी चिकट मळ आला आणि खाली राखाडी रेघ उमटली. तेलाच्या थरात काजळी आणि राख रुतून बसलेली, अल्कली क्लीनर वीस मिनिटं भिजवून ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासलं तेव्हा पहिल्या बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं. असं तीनदा करावं लागलं. दुसरा अख्खा दिवस गेला तो नुसता दगड वाळवायला, कारण थरांमध्ये ओल असताना सीलर मारला तर ती आत कोंडते आणि नंतर पापुद्रे सुटायची भीती असते. हे सगळं काम सुरू करायच्या आधी बसून सांगायला हवं होतं, एका कोपऱ्यात नमुना करून वाळल्यावर दाखवायला हवा होता. तो आम्ही दाखवला नाही, आणि तुम्हाला धक्का बसला असेल तर तुमचं बरोबर आहे. आता प्रत्येक घरी आधी नमुना दाखवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं ठरवलंय.

घासायचं मशीन का नाही लावलं असंही तुम्ही विचारलंय. मार्बलसारखं मशीन फिरवलं तर स्लेटचा नैसर्गिक उंचसखलपणा जातो, तोच तर तिचा देखणेपणा. शिवाय कोरडं घासलं की जी धूळ उडते ती सिलिकाची, मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या स्लेट पेन्सिलींच्या कारखान्यांत कामगारांची फुप्फुसं याच धुळीने गेली, मी माझ्या मुलांना ते करायला सांगणार नाही आणि तुमच्या घरात तर नाहीच नाही.

आता जरा काळजीचं, आणि खरं तर हे उत्तर मुख्यतः यासाठीच लिहितोय. जवसाचं तेल लावलेली फडकी कुठे ठेवलीत? गोळा करून लाकडांच्या मागे किंवा कचऱ्याच्या डब्यात ठेवली असतील तर कृपया आजच काढा. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, फडक्यांचा बोळा असला तर ती आत साठत जाते आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. आणि आता सीलरवर आणखी तेल लावू नका, आत शिरत नाही, वरच चिकट राहतं आणि धूळ धरतं.

डागांवर लिंबू चोळल्याचं लिहिलंय तेही थांबवा. ते गोल डाग कुंडीखालचे आहेत, बोअरच्या जड पाण्याचे क्षार, साध्या ओल्या मऊ ब्रशने जेवढे जातील तेवढेच काढा. तुमच्या स्लेटमध्ये पितळेसारखे बारीक ठिपके दिसतात ना, ते लोखंड असलेलं खनिज आहे, आंबट आणि ओल लागत राहिली की गंजाचे ओघळ येतात. बाजूची बसायची पट्टी तर स्लेट नाहीच, कडप्पा आहे, म्हणजे चुनखडी. तिच्यावर लिंबू, चिंच, हार्पिक काहीही पडलं की तिथली चकाकी कायमची जाते. पुण्यात दुकानात दोन्ही "काळा दगड" म्हणूनच विकतात त्यामुळे गोंधळ होतोच.

रोजच्यासाठी फार काही करावं लागत नाही. राख पूर्ण गार झाल्यावर कोरडीच मऊ ब्रशने काढायची, ओली केली की चिकटते आणि तिचं पाणी दगडात मुरतं. निखारे राखेखाली दुसऱ्या दिवशीपर्यंतही धगधगत राहतात म्हणून प्लॅस्टिकच्या सुपलीत नको, लोखंडी घमेल्यात काढा आणि घमेलं बाहेर ठेवा. तापलेल्या दगडावर पाणी कधीच ओतायचं नाही, तडकतो. महिन्यातून एकदा न्यूट्रल, म्हणजे ना आंबट ना खार अशा साबणाचं कोमट पाणी आणि पिळलेलं फडकं, बस. डिसेंबरात शेकोटी सुरू करायच्या आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा, थेंब तसाच गोल राहिला तर सीलर शाबूत आहे, खालचा दगड काळा पडला तर परत मारायची वेळ झाली.

काळाच रंग हवा असेल तर तेलाऐवजी रंग गडद करणारा सीलर येतो. शनिवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो, टोपलीच्या मागे वीतभर जागेवर लावून दाखवतो, वाळल्यावर तुम्ही आणि आईंनी बघा, पसंत पडला तरच पुढे. फक्त शुक्रवारी रात्री फायरप्लेस पेटवू नका, दगड पूर्ण गार असायला हवा.