सोडू का?

हँडब्रेक ओढल्याचा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा, असे दोन्ही निरोप देणारा लाल दिवा आमच्या गाडीत एकच आहे. हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या पुस्तकात असेलही, पण ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर यायचंय. त्यामुळे दिवा लागला की मी हँडब्रेक खाली दाबायचो. तो खालीच असायचा. तरी दाबायचो. चार दिवसांनी दिव्याने नवे चाळे सुरू केले. नळस्टॉपच्या सिग्नलला ब्रेक मारला की लागायचा, सिग्नल सुटला की विझायचा. मला वाटलं, सुधारतोय.

त्या दिवशी शेजारी बाबा होते. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस शेजारी बसला की मी आपोआप लर्निंग लायसन्सवर येतो. "ऑइल कमी झालंय," ते समोर बघतच म्हणाले. "ब्रेक मारलास की डबीतलं ऑइल पुढे हिंदकळतं, फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो."

बॉनेट उघडलं तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. मी माळ्यावरून गेल्या वर्षीची अर्धी बाटली काढली, बाबांनी ती माझ्या हातून काढून घेतली. हे ऑइल म्हणे हवेतलं पाणी पितं. कोरं डॉट थ्री (ब्रेक ऑइलची एक जात) २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच उकळायला लागू शकतं, आणि पसरणीचा घाट उतरताना ते कळून उपयोग नसतो. नवी बाटली आणली. ओतताना थोडं गाडीच्या अंगावर सांडलं. "लगेच पाणी मार," बाबा म्हणाले. मी म्हटलं, मारतो. सकाळी तिथला रंग दहाच्या नाण्याएवढा फुगून वर आला होता, उतू गेलेल्या दुधावरच्या सायीसारखा.

आठवड्याभरात ऑइल पुन्हा खाली. मी पुन्हा भरलं. पेट्रोल संपतं तसं हेही संपत असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत. बाबांनी मला पाचवीतल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "अरे, हे बंद नळातलं आहे. ब्रेकचे लायनर झिजतात तसं वर्षा-दोन वर्षांत बोटभर उतरेल. आठवड्यात उतरलं म्हणजे कुठेतरी गळतंय."

गळतंय म्हटल्यावर पार्किंगमध्ये तज्ज्ञ जमले. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, एसीचं पाणी. वॉचमनच्या मते इंजिन ऑइल. एका मुलाने 'टाकी फुटली' एवढंच सांगितलं आणि तो सायकलवरून निघून गेला. बाबा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी गाडीखाली रविवारचा सगळा पेपर अंथरला, पुरवणीसकट. सकाळी मागच्या डाव्या चाकाशी 'वधू पाहिजे'च्या रकान्यावर पिवळट डाग उमटला होता, तीन उमेदवार वाचता येत नव्हते. एसीचं पाणी पुढे पडतं, इंजिन ऑइल काळं असतं. बाबांनी डाग दोन बोटांत घासून बघितला, गुलाबजामच्या पाकाची तार बघतात तसा. "हेच."

आता गाडी चालवत गॅरेजला नेऊ म्हणालो असतो तर बाबा आडवे पडले असते. मेकॅनिकच घरी आला, सोबत एक पोऱ्या. चाक काढलं तर टायरची आतली बाजू ओली. ब्रेकचा ड्रम निघेना. हातोडीचे चार ठोके, मग सगळी बिल्डिंग गॅलरीत, मग ड्रम निघाला. आत लायनरची भुकटी आणि ऑइल मिळून काळा चिखल झालेला. मेकॅनिकने व्हील सिलिंडरची, म्हणजे ऑइलच्या जोरावर लायनर ड्रमला दाबणाऱ्या नळकांड्याची, रबरी टोपी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जराशी उचलली आणि तिच्याखालून ऑइल असं घळकन आलं, की मलाच उघडं पडल्यासारखं झालं. "सिलिंडर गेलाय. लायनर भिजलेत, तेही बदला. दोन्ही बाजूंचे." बाबांनी पॉलिशपेपर मारून बघायचं सुचवलं. मेकॅनिक "काका, ऑइल प्यायलेला लायनर परत धरत नाही" म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबा गाडीच्या विषयात गप्प बसले.

नाना पेठेत नवा सिलिंडर आणायला मी रिकाम्या हाताने गेलो असतो तर अजून तिथेच असतो. कुठलं साल, कुठलं मॉडेल, कुठल्या मेकचा ब्रेक, डावा की उजवा? मी कागदात गुंडाळलेला जुना सिलिंडर काउंटरवर ठेवला. दुकानदाराचा चेहरा खुलला. दोन मिनिटांत काम.

खरा कार्यक्रम पुढे होता: ब्रेकमधली हवा काढणे. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा आकसते, मग पॅडल नुसतंच लोण्यात गेल्यासारखं खाली जातं. "आमच्या एसटीचे ब्रेक हवेवर, हवा गेली की गाडी जागची हलत नाही," बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसत म्हणाले, "तुमच्याकडे हवा आली की थांबत नाही. काय तरी गाड्या!"

पोऱ्या चाकाखाली आडवा, हातात पाना. ब्रेकमागच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मेकॅनिक डबीवर नजर ठेवून आणि मी मधे उभा राहून आरोळ्या द्यायला. "बाबा, मारा... मारा... मारा... धरा!" पोऱ्या निपल सैल करी, नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे येत, निपल आवळला की "सोडा!" तिसऱ्या खेपेला माझी आरोळी येण्याआधीच बाबांनी पाय उचलला. निपल उघडाच होता. नळीतली हवा परत आत. "काका!" मेकॅनिक ओरडला. "सांगितल्याशिवाय सोडायचं नाही!" एसटीत एकतीस वर्षांत बाबांना कोणी असं बोललं नसेल. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी बुडबुडे थांबले. निपल आवळला, चाक चढवलं, पैसे दिले, मेकॅनिक गेला. मी वर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, चहा घेतला, दुसरा कप बाबांसाठी ओतला आणि हाक मारायला गॅलरीत आलो.

खाली गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले होते.

"बाबा!"

ड्रायव्हरच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"सोडू का?"