कांदा की गाल?

परवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका गल्लीत माझी तोंडी परीक्षा झाली आणि मी नापास झालो. माझं वय 49. मी तिथं गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुकानात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

लेक अकरावी सायन्सला. बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल तोंडावर, आणि रात्री साडेदहाला कॉलेजच्या ग्रुपवर फर्मान आलं: स्लाइड, कव्हरस्लिप (म्हणजे स्लाइडवर झाकायची पातळ काच) आणि नीडल ज्यानं त्यानं आणायची. फीच्या पावतीवर 'प्रयोगशाळा शुल्क' अशी स्वतंत्र ओळ आहे. त्या शुल्कात काय येतं देव जाणे, बहुधा प्रयोगशाळेचं कुलूप. त्यात मी घरात बढाई मारून बसलेलो, की उजळणी मीच घेतो, मीपण सायन्सचाच. म्हणजे बारावीपर्यंत. पुढं कॉमर्स, आणि आता हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब.

दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही बाजूंना चंचुपात्रं, परीक्षानळ्या, आणि छताला टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा, बरगडीला किमतीची चिठ्ठी बांधलेली. काउंटरपाशी, पण गिऱ्हाइकांच्या बाजूला, लाकडी स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक ड्रॉपर. ड्रॉपर कशाला, हे विचारायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.

मी मालकांना म्हटलं, "कव्हरस्लिपची डबी, सहा स्लाइड, एक नीडल आणि आयोडीन द्या."

स्टुलावरून आवाज आला, "कांदा की गाल?"

मला वाटलं फोनवर बोलतायत.

"तुम्हालाच विचारतोय साहेब. कांदा की गाल?"

माझा हात आपोआप गालाकडे गेला.

"गालाच्या पेशी रंगवायच्या असतील तर मिथिलीन ब्लू न्या. गाल आतून काडीनं खरवडायचा. कांदा असेल तर आयोडीन, नाहीतर सॅफ्रनीन. कोण आहे शिकायला?"

"मुलगी. अकरावीला."

"मग कांदाच."

इथं पैसे देऊन बाहेर पडलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण माणसाला आपण अगदीच अडाणी नाही हे दाखवायची हौस असते. मी म्हणालो, "हो ना, ते पेशीभित्तिका, केंद्रक, हरितलवक वगैरे दाखवायचं असतं."

मालक आयोडीनची बाटली शोधत होते, ते थांबले.

"हरितलवक?" स्टुलावरचे काका म्हणाले.

"वनस्पती पेशी म्हटल्यावर हरितलवक असणारच."

"कांद्यात?"

"हो."

"साहेब, तुम्ही कांदा बघितलाय ना?"

माझ्यामागं एक डिलिव्हरीवाला मुलगा कसलं तरी पार्सल न्यायला उभा होता. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर चौकोनी पेटी. हेल्मेटची काचही वर न करता तो म्हणाला, "काका, कांदा जमिनीखाली असतो ना. ऊन कुठं लागतंय त्याला? हिरव्या पातीत बघा, तिथं असेल."

"शाबास," काका म्हणाले. "कितवी?"

"बारावी झाली. गॅप घेतलाय."

त्या गॅपबद्दल पुढं कुणी काही विचारलं नाही. त्यानं पार्सल घेतलं आणि गेला. जाताना माझ्याकडे बघून हसला असावा. हेल्मेट होतं, खात्री देता येत नाही.

आता थोडं माझ्या बाजूनं. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. पेशी आमच्या घरातली होती. केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका, आणि लयकारिका, जिला पुस्तकात 'आत्मघाती पिशव्या' म्हटलेलं असायचं. (मुलांना कुठल्या वयात काय शिकवावं याचा कुणी विचार केला होता की नाही, कोण जाणे. मी पोट दुखलं की पिशवी फुटली समजायचो.) मे महिन्याची सुट्टी संपली, अकरावीत पाऊल टाकलं आणि एका रात्रीत सगळ्यांची नावं बदलली. न्यूक्लिअस, व्हॅक्युओल, मायटोकॉन्ड्रिया, लायसोसोम. ही सगळी नवीन मंडळी आहेत आणि जुनीही आत आहेतच, असं मी गणपतीपर्यंत समजत होतो. माझ्या पेशीत दुप्पट माणसं राहायची. वाड्यात वाढलेल्या पोराला त्यात काही खटकलंही नाही. पण गंमत सोडा. तेव्हा एखाद्या सरांनी एक तास काढून फळ्यावर दोन रकाने आखून दिले असते, तर वर्गातली निम्मी मुलं पुढं सायन्स सोडून पळाली नसती. मी पहिला पळालो.

तर काका. काकांनी स्टुलाखालून डबा काढला. पोळी, पिठलं आणि अर्धा कांदा. "सकाळी चिरलेला आहे, पण पेशी जागच्या जागी आहेत," असं म्हणून त्यांनी एक पाकळी सुटी केली आणि खोलगट बाजू वर धरून उलटी मोडली. कट्‌ असा आवाज झाला. दोन तुकडे झाले, पण वेगळे होईनात. मध्ये दुधाच्या सायीपेक्षाही पातळ असा एक पापुद्रा लोंबत राहिला. इतकी वर्षं कांदा खातोय, पण हा पापुद्रा असा बघितलेला मला आठवत नाही. काकांनी तो चिमट्यानं ओढला, माझ्या स्लाइडवर पाण्याच्या थेंबात टाकला आणि सुईनं सुरकुत्या काढल्या, साडीचा पदर सारखा करावा तशा. मग माझी आयोडीनची बाटली, जिचे पैसे मी अजून दिलेही नव्हते, तिचं सील फोडलं आणि एक थेंब सोडला.

"आता बघा. कव्हरस्लिप दाणकन टाकायची नाही. एक कड टेकवायची, 45 अंशांत धरायची, सुईच्या आधारानं हळूहळू झोपवायची. हवेला बाहेर जायला वाट ठेवायची. नाहीतर बुडबुडा."

हात थरथरत होते, पण काच खाली गेली तेव्हा खरंच एकही बुडबुडा नव्हता. जास्तीचं पाणी टिपायला त्यांनी माझ्या बिलाचा कोपरा वापरला.

"आयोडीन बटाट्यावर टाकलं तर काय होतं?"

"निळं-काळं."

"का?"

"स्टार्च."

"मग कांदा निळा-काळा का झाला नाही?"

मी सांगाड्याकडे बघितलं. त्यालाही माहीत नसावं.

"कांदा पीठ साठवत नाही, साखरेच्या जातीचं साठवतो. म्हणून तर परतला की गोड लागतो. इथं आयोडीन फक्त रंग द्यायला." मग स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाले, "या इकडं. दिसला न्यूक्लिअस?"

मी डोळे बारीक केले. पिवळसर कागदासारखं काहीतरी दिसत होतं. बोळात पिठल्याचा आणि कांद्याचा वास भरला होता. मागं आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती.

"दिसला," मी म्हणालो.

"नुसत्या डोळ्यांनी?"

हसण्यात मालकही होते. गिऱ्हाईक मी, माझीच स्लाइड, माझंच आयोडीन. केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतं. ते ट्यूबलाइटवर दिसलं असं म्हणणारा मी बहुधा पहिलाच.

घरी येताना बाजीराव रोडवर सिग्नलला उभा असताना लक्षात आलं, की मी खोटं बोललो असं मला वाटलंच नव्हतं. ती सवय होती. 1993 साली आमच्या बॅचला दोन मायक्रोस्कोप होते, पैकी एकाचा आरसा फुटलेला. रांगेत उभं राहायचं, पाळी आली की वाकायचं, आणि सर विचारायचे, "दिसलं?" मागून ढकलणारे वीस जण. "दिसलं, सर." मला स्वतःच्या पापण्या दिसायच्या आणि एक काळ्या कडेचा सुबक गोल. तो मी मनोभावे जर्नलमध्ये काढला, बाण मारून न्यूक्लिअस लिहिलं आणि 'गुड' मिळवलं. आज कळतंय, तो हवेचा बुडबुडा होता. रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या बघितल्या, त्यांना 'सेल' म्हटलं आणि गप्प बसला. मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत्या त्या, आत काहीच नव्हतं. केंद्रकाला नाव मिळालं ते 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राउननं ऑर्किडमध्ये ते पाहिल्यावर. आमच्या कॉलेजात असता तर हूक नापास. डायग्रॅम इनकंप्लीट.

केमिस्ट्रीची तीच तऱ्हा. टायट्रेशनला, म्हणजे ब्यूरेटच्या नळीतून थेंबथेंब सोडून आम्ल-अल्कली मोजताना, फिनॉल्फ्थेलिनचा रंग कसा यायला हवा, तर कुणी नुकतंच लाजल्यासारखा फिक्का गुलाबी. आमचा थेट राणी कलर. एक थेंब कुठं संपतो आणि पाच मिली कुठं सुरू होतात हे ब्यूरेटच्या तोटीला आणि मला, दोघांनाही कळायचं नाही. तरीही माझ्या जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग 9.8, 9.8, 9.8 आणि सीबीआर, म्हणजे ब्यूरेटचं कायम येणारं रीडिंग, 9.8. हिशेब जुळवण्याचं माझं शिक्षण तिथंच सुरू झालं असावं.

हे काकांना ठाऊक होतं. बिल करताना त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला सीबीआर कोण सांगायचं?"

"लॅबमधले मामा."

"मी मामाच होतो," ते म्हणाले. "34 वर्षं. द्रावण मी करायचो. कुठल्या बाटलीला किती येणार ते सरसुद्धा मलाच विचारायचे. जर्नलवर सही मात्र त्यांची." मग उरलेला कांदा पोळीत घालून जेवायला लागले.

इथं मला गलबलून यायला हवं होतं. पण बिल 410 रुपये झालं होतं, आणि फोडलेली बाटली त्यात पूर्ण किमतीला लावली होती.

घरी लेकीला घेऊन बसलो. जखम ताजी होती, म्हणून दरडावून सुरुवात केली, "कांद्यात हरितलवक असतं का?"

"नसतं," ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "बाबा, आता मी विचारते. चहाच्या साखरेत ते साखर तपासायचं निळं बेनेडिक्ट घालून गरम केलं तर?"

"विटकरी लाल." हे मला पाठ होतं.

"निळाच राहतो. ती सुक्रोज आहे, नॉन-रिड्यूसिंग. ग्लुकोजला लाल होतो."

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. आमच्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे मी लग्नानंतर एकदा हिला समजावून सांगितलं होतं. डाग मात्र गेला नव्हता. ते ती विसरलेली नाही.

प्रॅक्टिकल झालं. संध्याकाळी विचारलं, काय विचारलं गं?

"काही नाही. इंडेक्सवर तारखा नव्हत्या, त्या टाकायला लावल्या."

"आणि स्लाइड?"

"केली ना. मस्त झाली, एक पण बबल नाही. पण मायक्रोस्कोपला रांग होती. मॅडम म्हणाल्या दिसलं का, मी म्हटलं दिसलं."

"काय दिसलं?"

"पापण्या."

कव्हरस्लिपच्या डबीतून फक्त दोन गेल्या आहेत. आयोडीनची बाटली फ्रिजवर ठेवली आहे. सील फोडलेल्या बाटलीचे पूर्ण पैसे का लावले, हे विचारायला काल मी पुन्हा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. लांबून स्टूल दिसलं. त्यावर काका होते आणि समोर माझ्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते, एक हात गालावर.

मी तसाच परत फिरलो.